बाबांचा अर्धा कप

आमच्या डोंबिवलीच्या घरात सकाळचा चहा माझे सासरे करतात. सासूबाई गेल्यावर हे काम त्यांनी आपणहून घेतलं. मी ठाण्याच्या ऑफिसला निघण्याआधी गरम कप माझ्या हातात ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मध्यंतरी तो कप अर्धाच येऊ लागला. "जास्त चहाने पित्त होतं गं तुला," म्हणाले. मला जन्मात पित्त झालेलं नाही. बाबांचा हात थरथरत होता, आणि ते मला दिसत होतं.

दाखवायला नेलं की डॉक्टरांसमोर मात्र तो हात मांडीवर अगदी गप्प. "विशेष काही नाही," डॉक्टर म्हणायचे. मी चिडायचे. घरी एवढा हलणारा हात इथे इतका साळसूद कसा?

तेव्हाच ऑफिसातही माझं डोकं फिरलं होतं. मानपाड्याच्या एका कारखान्यातल्या पंपाची बैठक मोटर चालू असताना किती हलेल, हे मी कॉम्प्युटरवर काढत होते. मॉडेल तेच, वेग तोच. पण माझं उत्तर चिमूटभर आणि शेजारच्या सहकाऱ्याचं कितीतरी मोठं. मॉडेलची गणिताची जाळी बारीक केली, बोल्ट तपासले, थरथर शोषणारं डॅम्पिंग तपासलं. सगळं जुळत होतं. शेवटी सापडलं. त्या वेगाला बैठक मोटरच्या धक्क्याच्या पाव फेरा मागे रेंगाळते, त्यामुळे धक्का ऐन भरात असतो तेव्हा ती नेमकी आपल्या मूळ जागेवरून जात असते. मी तेवढाच क्षण बघत होते. सहकाऱ्याने पूर्ण फेरा बघून सर्वांत मोठं अंतर घेतलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! स्वतःचंच हसू आलं, आणि लगेच बाबा आठवले. डॉक्टरही तेवढाच एक क्षण बघत होते.

पुढच्या खेपेला मी बाबांच्या देखतच सगळं सांगून टाकलं. सकाळचा कप, शर्टाची बटणं, बँकेतली सही. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि थरथरीवर गोळी लिहून दिली. परतताना रिक्षात बाबा तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले. मला फार वाईट वाटलं.

घर जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "आता चहा तूच करशील ना?"

एवढ्यासाठी लपवत होते तर.

"मी कशाला? मला तुमच्याच हातचा लागतो, बाबा. अर्धा अर्धा करून दोनदा द्या."

दुसऱ्या दिवशी ते दोनदा आले. दुसऱ्या वेळी थोडा चहा बशीत सांडला. बाबांनी बशी लपवली नाही.