दुसरी किल्ली

सदानंद खोत सरांची आणि माझी ओळख चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या शीतपेयांच्या कारखान्यात झाली. कॉलेज अर्धवट सोडून मी देखभाल खात्यात लागलो होतो. सरांनी माझ्या हाती नवं कुलूप दिलं, एक किल्ली दिली आणि दुसरी माझ्यासमोर करवतीने कापली.

“ही हरवली तर, सर?”

“कुलूप तोडू. पण आधी तुला बाहेर उभा बघू.”

बाटल्यांच्या मशीनमध्ये दुरुस्तीला शिरणाऱ्याने मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची, हा सरांचा दंडक. त्यामागे जगतारजी आहेत, सरांचे जुने जोडीदार. ते आत असताना कुणीतरी ऑफिसातली जादा किल्ली आणून कुलूप काढलं आणि लाइन चालू केली. जगतारजींना बाहेर काढणाऱ्यांत सर होते. त्यावर सर बोलत नाहीत. किल्ल्या कापतात.

त्यांची माया मला कळली ती वेगळ्याच दिवशी. आमच्या लॅबमधल्या मुलीवर माझा जीव होता, अजून आहे. डिग्री नाही म्हणून तिच्या वडिलांनी मला नाकारलं आणि मुल्लानपूरला तिचा साखरपुडा ठरवला. त्या दिवशी मी पान्हा आपटतच कामावर आलो.

“आज तू आत शिरायचं नाहीस,” सर म्हणाले. “डोकं मुल्लानपूरला आणि हात इथे, असं चालत नाही.”

“मग काय, रडत बसू?”

“बस की. स्विचपाशी बस.”

आणि माझ्या वाटणीच्या दुरुस्तीसाठी, साठीला टेकलेले सर स्वतः झाकणं लावणाऱ्या मशीनखाली शिरले.

थोड्या वेळाने मॅनेजर कटर घेऊन आले. बाहेर ट्रक खोळंबले होते. “अंदर कोई नहीं है. खोत जी चाय पे गए होंगे. ताला काट.”

मी स्विचला पाठ लावून उभा राहिलो. जे बोललो ते सरांच्या या गौरवग्रंथात छापण्याजोगं नाही. आरडाओरडा ऐकून सर बाहेर आले आणि ग्रीसने माखलेल्या हाताने खिशातली किल्ली दाखवली. मॅनेजर कटर घेऊन परत फिरले. सर माझ्याशेजारी स्विचपाशी बसले.

“जगतारच्या वेळी इथे कुणी नव्हतं रे,” एवढंच म्हणाले.

आता सर निवृत्त होत आहेत. नवी कुलपं आली आहेत आणि दुसऱ्या किल्ल्या ऑफिसात जमा करा, असा हुकूमही आला आहे. माझी मी परवाच कापली. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांनी शंभरीपर्यंत निवांत चहा प्यावा. स्विचपाशी मी बसलो आहे.