अभिषेकपात्राचं भोक

आईचं तांब्याचं अभिषेकपात्र मी पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन त्याचं भोक मोठं करून आणलं, तेही कुणाला न विचारता. गेल्या वर्षी थंडीत मी पात्रात मध ओतला होता. तो भोकातच बसून राहिला आणि मी सुईनं टोचत राहिलो. ती नामुष्की मला पुन्हा नको होती.

ड्रिल लावताना कारागिरानं विचारलं, "भिया, कित्ता बड़ा करूँ?"

"शहद निकल जाना चाहिए."

"शहद तो निकल जाएगा," तो म्हणाला, "पानी का आप देख लेना."

माझं विज्ञान बारावीपर्यंतचं. मी हसलो आणि पात्र पिशवीत टाकलं.

अभिषेकाच्या दिवशी मध असा झरझर उतरला, की मी बायकोकडे वळून पाहिलं. दुधानंही फार वेळ घेतला नाही. मग पाणी घातलं आणि गुरुजींनी रुद्र सुरू केला. एरवी पूर्ण आवर्तनाला एक कळशी पुरते. त्या दिवशी आवर्तन निम्म्यावरही नव्हतं आणि कळशी रिकामी. आईचा नियम असा, की धार मोडली तर आवर्तन पुन्हा पहिल्यापासून. ते संपेपर्यंत ती तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. तिला ऐंशी पूर्ण झालीयेत. खुर्चीत बसून ती माझ्याकडे नाही, धारेकडे पाहत होती.

नळाचा दिवस नव्हता. मी मोरीतल्या ड्रमपासून देवघरापर्यंत बादल्या घेऊन पळत होतो, सोवळं एका हातानं सावरत. गुरुजींना मध्येच बोलता येईना, म्हणून ते हातानं 'आण, आण' करत आणि मंत्रांचा वेग वाढवत. तिसऱ्या खेपेला ड्रमचा तळ दिसला.

बायको शांतपणे उठली. तिनं निरांजनासाठी ठेवलेल्या कापसाची जाड वात वळली आणि पात्राच्या भोकात घट्ट बसवली. धार दोऱ्याएवढी झाली, पण मोडली नाही. आवर्तन संपलं आणि आईनं पाणी मागितलं.

संध्याकाळी पात्र घासताना मी म्हटलं, "कारागिरानं जरा जास्तच मोठं केलं."

"अहो, मध पात्रात घालतच नाहीत," बायको म्हणाली. "पिंडीवर चमच्यानं घालतात. गेल्या वर्षीच सांगणार होते, पण तुम्ही सुई शोधत होतात."