नावाडीणबाईला सुट्टी कोण देणार?

नद्या केल्या, देव केले, सात तऱ्हेची भुतं केली, आणि आठवड्यातून एक सुट्टीचा वार करायला या गेमवाल्यांना सुचलं नाही?

काल शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या घाईत माझी गेम चालूच राहिली. शब्बाथ म्हणजे आम्हा यहुद्यांचा शनिवारचा विसावा, त्यात कॉम्प्युटरला हात कोण लावणार! आज शब्बाथ सुटल्यावर बघते तर नावाडीण होडी वल्हवतेच आहे. गेमच्या पहिल्या भागात अल्लड पोरगी होती, दुसऱ्यात विधवा झाली, तिसऱ्यात केस पिकले. बोलणंसुद्धा बदललं बाईचं, पण बसायला मिळालं नाही.

इथे इस्रायलमध्येच बेर्शेबाला शिकणारी माझी लेक हसून हिब्रूत म्हणाली, "इमा, ती खरी नाहीये."

मी आठवडाभर फॅक्टरीत उभी असते. मला शिकवू नका. ज्यांना गेमच्या आत फेरफार करता येतात, त्यांनी गुरुवारपर्यंत सांगा, तिला शब्बाथपुरतं काठावर कसं बसवायचं?