मार्वा ओव्हरबेकच्या गाडीची मागची सीट

मार्वा ओव्हरबेकशी बोलायचं असेल तर तिच्या गाडीत बसावं लागतं. हा तिचा मोठेपणा नव्हे. सकाळी आरोग्यशास्त्राचे तास, दुपारी पोरांना गाडी चालवायला शिकवणं, संध्याकाळी मुलींच्या बास्केटबॉल संघाचा सराव आणि घरी अंथरुणाला खिळलेले वडील. यात कॉलेजच्या माणसांना ती वेळ कुठून देणार? म्हणून कॉलेजांसाठी मुली हेरत फिरणारी ती गुळगुळीत माणसं आमच्या फेरिन्स मिल गावाला आली की मार्वा त्यांना शाळेच्या शिकाऊ गाडीत मागे कोंबते. स्वतः पुढे बसते, पाय तिच्या बाजूच्या जादा ब्रेकवर. चाकावर कोणीतरी घामाघूम झालेलं पोर असतं. ही माणसं एके काळची खेळाडू, साडेसहा फुटी. त्यांचे गुडघे हनुवटीला लागतात.

"खाणीच्या वळणावर पोरानं गाडी घातली की माणूस खरं बोलायला लागतो," असं ती म्हणते. मी अशा फेऱ्यांत पुष्कळदा बसले आहे. माझा अनुभव वेगळा आहे. तो फक्त हळू आवाजात खोटं बोलायला लागतो.

मी तिच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मार्वा अजून झाली नाही, होणारही नाही. डुकरं पाळणाऱ्या बापाची ही मुलगी, तरुणपणी या जिल्ह्यातल्या कुठल्याही मुलापेक्षा चांगली खेळायची. तेव्हा मुलींच्या खेळाला कॉलेजं दारात उभी करत नव्हती. बापाने डुकरं विकली, ही शिक्षिका झाली. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच खूळ आहे: माझ्या हाताखालच्या मुलीचं शिक्षण तिच्या खेळावर झालं पाहिजे, बापाच्या डुकरांवर नाही. तसं अनेकींचं झालंही.

आणि तिचा एक नियम होता. मुलीने एका कॉलेजला होकार दिला की बाकीच्या सगळ्या कोचना तिने स्वतः फोन करून नकार कळवायचा. मार्वा मुलीला आपल्या खोलीत बसवायची आणि सगळे फोन होईपर्यंत उठू द्यायची नाही. मुली रडायच्या, पोटात दुखतंय म्हणायच्या.

"त्यांनी तुझ्यासाठी जागा अडवून ठेवली असेल," मार्वा सांगायची. "ती दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीला मिळू दे. लाव फोन."

असं कोणी करत नाही. आजूबाजूच्या शाळांतले कोच हसायचे. मी पण तिला म्हटलं होतं, "अगं, ती कॉलेजं असं वागतात का तुमच्याशी?"

"ती नीच आहेत म्हणून मी माझ्या पोरींना नीचपणा शिकवू?"

मी गप्प बसले. बसायला नको होतं.

जोसलिन विनिंजर ही तिची गेल्या वर्षीची मुलगी. सगळे जोसी म्हणतात. सहा फूट दोन इंच, डावखुरी, आणि अंगावर तीन जणी चालून आल्या तरी चेंडू सोडणार नाही अशी. वडिलांनी कधीच दुसऱ्या राज्यात दुसरा संसार थाटला. आई डार्ला शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मग तिची नजर जायला लागली, आणि आता कडेकडेने थोडं दिसतं तेवढंच. इथली पोरं सोळाव्या वर्षीच गाडी शिकतात, पण हिच्या घरात चालवणारं कोणी नाही, म्हणून जोसी अठराव्या वर्षी शिकत होती. कॉलेज तीन तासांवर. दर रविवारी आईकडे यायचं तर गाडी यायला हवी, हा तिचा हिशेब.

त्या विद्यापीठाचं नाव मी लिहिणार नाही. फुकटची जाहिरात कशाला. तिथला दुय्यम कोच ट्रेंट किलगोर शरद ऋतूत जोसीच्या घरी आला. डार्लाने पर्सिमनच्या फळांचं गोड पुडिंग केलं होतं. त्याने दोनदा मागून घेतलं, ताटली स्वतः विसळली आणि म्हणाला, "जोसी आमचीच." मग तिला तिकडे नेलं, विद्यापीठाचा पोशाख चढवला, मागे खोटा धूर सोडून फोटो काढले. तो फोटो डार्लाने नाकाला लावून लावून पाहिला. जोसीने होकार दिला. मार्वाने तिला खोलीत बसवलं. दुसऱ्या चार कॉलेजांना नकाराचे फोन गेले.

शिष्यवृत्तीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या नोव्हेंबरात होतात. हिची नाही झाली. ट्रेंट म्हणाला, "घाई कसली, एप्रिलमध्ये करू. शब्द म्हणजे शब्द."

मी मार्वाला विचारलं, "एप्रिल का?"

"तुझा ना, कोणावर विश्वासच नाही."

"आहे. कागदावर आहे."

आता एप्रिल का ते ऐका. हल्ली कॉलेजच्या खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतात. मार्चअखेर बाजार भरतो. बावीस वर्षांची, तयार, दणकट मुलगी आयती मिळत असेल तर अठरा वर्षांच्या कच्च्या पोरीला कोण घडवत बसेल? म्हणून हे लोक शाळेतल्या मुलींना नुसत्या शब्दावर टांगून ठेवतात. बाजारात बरं काही मिळालं नाही तर ही आहेच. आणि याला ते नियोजन म्हणतात. मी याला काय म्हणते ते छापण्याजोगं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेंटचा मार्वाला फोन आला. समोरासमोर भेटू, जरा खासगीत. मार्वाने त्याला दुपारी दोनला शाळेच्या पार्किंगमध्ये बोलावलं. माझी गाडी दुरुस्तीला टाकली होती आणि मार्वा मला घरी सोडणार होती, म्हणून मी मागे बसलेच होते. चाकावर जोसी होती.

ट्रेंट दाराशी येऊन थबकला. "कोच, म्हटलं होतं ना, आपण दोघंच जरा..."

"गाडी शाळेची आहे, ट्रेंट. शिकाऊ पोर चाकावर नसेल तर मला ती हलवता येत नाही. बस. डोकं सांभाळ."

जोसी आरशातून हसली. "कोच ट्रेंट, पट्टा लावा. नाहीतर ह्या मला निघूच देत नाहीत."

तो माझ्या शेजारी घडी घालून बसला. तोंडात पुदिन्याची गोळी. आम्ही शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो. पहिल्या चौकात जोसीने विचारलं, "कागद आणलात?"

ट्रेंटने गोळी या गालातून त्या गालात नेली.

"पुढे बघ," मार्वा म्हणाली. "आणि वेग कमी."

"जोसी," ट्रेंट म्हणाला, "तू ना, फार खास मुलगी आहेस."

मी आयुष्य पाहिलं आहे. अशी सुरुवात झालेलं एकही वाक्य पुढे चांगलं गेलेलं नाही.

"पण काय झालंय, संघाची गणितं जरा बदललीत. मोठ्या कोचना वाटतंय की यंदा थोडा अनुभव हवा. परिस्थिती सध्या प्रवाही आहे, म्हणजे..."

"मी रसायनशास्त्र शिकवलंय, बाबा," मी म्हटलं. "प्रवाही म्हणजे काय ते मला माहीत आहे. वाक्य संपव."

"मॅडम, मला वाटतं हे कोच ओव्हरबेकनी नंतर तिला शांतपणे सांगितलं तर..."

"मी?" मार्वाने मागे वळूनही पाहिलं नाही. "पुडिंग मी खाल्लं होतं का? शब्द द्यायला तू तिच्या घरी गेलास. परत घ्यायला माझ्याकडे काय आलास? जोसी, डावीकडे. इंडिकेटर दे आधी."

जोसीने इंडिकेटर दिला. त्याची टकटक गाडीभर ऐकू येत होती.

"आम्ही दुसरी मुलगी घेतली," ट्रेंट म्हणाला. "दुसऱ्या कॉलेजातून. तुझी जागा राहिली नाही, जोसी. मला खरंच वाईट वाटतंय."

मी दाराची मूठ धरली. गाडी मात्र भरकटली नाही. फक्त इतकी हळू झाली की मागचा खडीचा ट्रक भोंगा वाजवायला लागला.

"कधी ठरलं?" जोसीने विचारलं.

"साधारण... मागच्या महिन्यात."

"मागच्या महिन्यात तुम्ही आईला वाढदिवसाचं कार्ड पाठवलंत. 'लवकरच भेटू' लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं तिला."

"ती कार्डं ऑफिसमधून जातात, जोसी."

खाणीच्या अलीकडे रस्ता रुंद होतो. तिथे तिने गाडी कडेला घेतली, शिकवल्याप्रमाणे सगळं करून थांबवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"कोच, मला घरी जायचंय."

"सरक. मी चालवते."

"नाही. मी चालवते. यांना घेऊन. आईला यांनीच सांगायचं."

"मला चारला दुसरीकडे पोचायचं आहे," ट्रेंट म्हणाला.

"तुझी गाडी शाळेत आहे," मार्वा म्हणाली. "उतरून चालत जायचं तर दार तुझ्या हाताशी आहे. नाहीतर गप्प बस."

तो उतरला नाही. एवढ्यासाठी त्याला शाबासकी देणारे लोक मला नंतर भेटले. मी देत नाही.

डार्ला ओसरीवर बसली होती. आवाजावरून तिने ओळखलं. "ट्रेंट आलाय? अगं जोसी, सांगायचं तरी, केस तरी विंचरले असते मी. ये रे, ये. पेन कुठं ठेवलं गं? मला सहीची जागा नेमकी दिसायची नाही हं. माझं बोट धरून तिथं ठेव, मी बरोबर करते."

जोसी तिच्या बाजूने आत स्वयंपाकघरात निघून गेली. ट्रेंट पायरीवर उभा राहिला आणि यावेळी त्याने सरळ सांगितलं, चार शब्दांत. डार्लाचा चेहरा त्याच्या आवाजाच्या दिशेला तसाच राहिला.

"तिचं काही चुकलं?" तिने विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"खेळ कमी पडला? मार्क?"

"नाही, मिसेस विनिंजर. तिचं काहीच नाही."

"मग हे मोठ्यानं म्हण. ती आत आहे. तिला ऐकू जाईल असं म्हण."

तो म्हणाला. चांगलं मोठ्याने. पलीकडच्या अंगणात गवत कापणारा माणूस यंत्र बंद करून पाहायला लागला.

"बरं," डार्ला म्हणाली. "आता जा. आणि कार्ड पाठवू नका, मला तसंही वाचता येत नाही."

तो फाटकाशी उभा राहिला. मार्वा जागची हलली नाही. "शाळा कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं. शेवटी मीच सांगितलं, "उजवीकडे. खाणीपाशी कुत्री असतात."

परत येताना मार्वाच चाकावर होती, शिकाऊ पोराचा तो नियम ट्रेंटपुरताच होता. मी तिच्यावर तुटून पडले. "तुला माहीत होतं तो कशाला येतोय."

"अंदाज होता. एप्रिलमध्ये खासगीत बोलायला येणारा माणूस दुसरं काय सांगणार?"

"आणि तरी पोरीला चाकावर बसवलंस. पोर आहे ती, उंदराच्या पिंजऱ्यातला भाकरीचा तुकडा नव्हे."

"बंद खोलीत मी सांगितलं असतं तर ती जन्मभर समजली असती की आपल्यातच काहीतरी कमी होतं. त्याच्या तोंडून तिला ऐकायला हवं होतं."

"गाडी खाणीत गेली असती म्हणजे?"

"ब्रेक माझ्या पायाखाली होता."

"सगळ्याचा नव्हता," मी म्हटलं. "ते चार फोन तूच करायला लावलेस."

तिने माझ्या दारात गाडी थांबवली, मी उतरले, तिने माझ्याकडे न बघता गाडी काढली. तिचं चुकलं असंच मला अजून वाटतं, आणि तिच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं तेही मला सांगता येत नाही. याचा राग वेगळाच.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता शाळेत गेले. जोसी मार्वाच्या खोलीत फोन घेऊन बसली होती. कोपऱ्यात गाडीच्या तासाचे नारिंगी शंकू रचलेले, टेबलावर मार्वाच्या वडिलांची औषधं. पुन्हा त्याच चार कॉलेजांना फोन, आणि या वेळी मागायला. पहिल्या कॉलेजात जागा भरलेली. दुसरीकडच्या माणसाला तिचं नाव आठवेना. तिसरीकडची बाई लगेच ओळखून म्हणाली, "तूच ना ती, स्वतः फोन करून नाही म्हणालीस? मी सगळ्यांना सांगते तुझं. तुझ्या फोनमुळे ती जागा मला एका मुलीला वेळेवर देता आली. फार गुणी आहे गं ती."

"चांगलं झालं," जोसी म्हणाली आणि फोन ठेवला. मार्वा खिडकीबाहेर बघत होती. मला त्या क्षणी कुणाला तरी मारावंसं वाटत होतं, आणि मारण्याजोगं खोलीत कोणी नव्हतं.

चौथं कॉलेज छोटं, नदीपलीकडचं, तिथल्या सामन्यांना शंभर माणसं जमली तर खूप. तिथली कोच म्हणाली, एक मुलगी कालच गळली आहे. फी माफ, राहण्याचा अर्धा खर्च देऊ. "येतेस? मला आत्ताच हो म्हण, म्हणजे मी शोध थांबवते."

"आधी कागद पाठवा," जोसी म्हणाली. "तोवर मी हो म्हणणार नाही. आणखी तिघांना फोन करणार आहे मी."

आणखी तिघं कोणी नव्हते. ती सरळ खोटं बोलत होती, शांत आवाजात, ट्रेंटसारखी. मार्वाने तोंड उघडलं. आता ती काय म्हणणार ते मला पाठ होतं. ती ते म्हणाली नाही. तोंड मिटलं आणि औषधाच्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडे केल्या.

पलीकडची बाई म्हणाली, "पाठवते. दुपारपर्यंत."

दुपारी कागद आला. एरवी आमच्याकडे सही म्हणजे व्यायामशाळेत टेबल, कॉलेजची टोपी, केक, टाळ्या. जोसी मार्वाच्या टेबलाशी बसून एकेक ओळ बोटाने वाचत गेली. एका कलमाचा अर्थ लागेना. तो मार्वालाही लागला नाही, मलाही नाही. जोसीने कॉलेजला पुन्हा फोन लावला, विचारून घेतलं, आणि पहिल्या पानापासून परत वाचायला सुरुवात केली.

आम्ही दोघी म्हाताऱ्या समोर बसून होतो. सही करू का, असं तिने आम्हाला एकदाही विचारलं नाही.