मोळीचा पीळ

माझा फौजेतला धाकटा भाऊ लंकेतून परत आला तो उजवा पाय गुडघ्याखाली तिकडेच ठेवून. रस्त्यात सुरुंग फुटला होता. त्याच स्फोटात त्याचा जोडीदार, वडगाव निंबाळकरचा जवान, जागीच गेला. भाऊ निरवांगीला आमच्याकडे राहायचा आणि दर आठवड्याला एसटीनं वडगावला त्या जवानाच्या बायकोकडे जायचा. तिचे पेन्शनचे कागद करायचा, कडबाकुट्टीचं पातं लावून द्यायचा. ती त्याला दादा म्हणायची. दुसऱ्या कुणाच्या उंबऱ्याला तो शिवत नसे. एक घर तरी आहे, म्हणून मी कधी अडवलं नाही.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात, निवडणुकीच्या प्रचारात, आपल्या एका मोठ्या नेत्याला बॉम्बनं मारलं. मारणारे लंकेतले बंडखोर निघाले. आपण त्यांचं काय वाकडं केलं होतं, असं पारावर जो तो विचारत होता. भाऊ दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि विचारलं, हा उपास कुणासाठी?

तेव्हा त्यानं सांगितलं. लंकेला जायच्या काही वर्षं आधी तो दक्षिणेत एका छावणीत सुरुंगाचं काम शिकवायला होता. शिकणारी पोरं लंकेतली. त्यांच्या लढ्याला मदत करायची, असं वरून ठरलं होतं. पोरं हुशार, पण वायरचे सांधे त्यांच्या हातून सुटायचे. मग यानं त्यांना ऊसतोडीतली आपली मोळी बांधायची रीत शिकवली. उसाच्या शेंड्याची दोन वाढी एकत्र पिळायची, टोक आत खोचायचं, मोळी फडातून गाडीपर्यंत सुटत नाही. पोरांना मोठी गंमत वाटली. पुढे वारं फिरलं, आणि त्याच पोरांची हत्यारं काढून घ्यायला आपली फौज लंकेत गेली. स्फोटानंतर रस्त्याच्या कडेला पडल्या पडल्या याला मातीतून वर आलेली वायर दिसली.

"पीळ आपला हाय, आक्का. टोक आत खोचल्यालं. फौजेत असं कुणी बांधत न्हाय."

हे त्याला वडगावला सांगायचं होतं. मी बजावलं, तिचा माणूस काही परत येणार नाही, तुझं मात्र घर जाईल. तो म्हणाला, तिच्या हातचा चहा घशाखाली उतरत नाही. मग मीही बरोबर गेले.

तिनं पेंडीची पाटी कमरेवर तशीच धरून सगळं ऐकलं. किती जणांना शिकवलं, ते विचारलं. साठेक, तो म्हणाला.

"शिकवाया कुणी सांगितलं व्हतं?"

"हुकूम व्हता."

"आन् आमच्या ह्यांस्नी तिकडं धाडलं, त्योबी हुकूमच."

"व्हय."

तिनं म्हशीला पेंड घातली, हात धुतले, चहा टाकला. आम्ही तो प्यायलो. कप उचलताना ती बोलली, पण त्याच्याशी नाही.

"आक्का, तुमच्या भावाला आता हिकडं धाडू नगा. कुणी इचारलं तर पाय दुखतोय म्हनून सांगीन."

मी सांगितलं होतं तसंच झालं. त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

बारामतीला गाडी बदलली. दर आठवड्याच्या ओळखीच्या कंडक्टरनं, जवान म्हणून, एकाला उठवून त्याला जागा करून दिली. त्यानं ती एका म्हातारीला दिली आणि लाकडी पायावर, दांडा धरून, निरवांगीपर्यंत उभा राहिला. खाली बस, असं मी एकदाही म्हटलं नाही.