पाण्यातून काढलेला कॅनव्हास

माझी बायको सोलापूरची. त्यांच्या गल्लीत पाणी टँकरने यायचं, आणि हिला लहानपणापासून हवी होती स्वतःची होडी. लग्न ठरताना तिने हे मला सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. पुढे दोन हजार सालाच्या आसपास, आम्ही शारजात अल नहदाला राहत असताना, तिच्या ऑफिसातल्या कॅनेडियन मॅनेजर बाईने कायमचं मायदेशी परतायचं ठरवलं. त्या बाईच्या व्हिलामागे एक लांब, निमुळती लाकडी कनू उन्हात तडकत पडली होती. होडी तिच्या दिवंगत वडिलांची. "हा सांगाडा परत नेऊन काय करू? दुरुस्त केलीस तर तुझी," असं तिने बायकोला सांगितलं आणि सोबत कॅनव्हासची एक जुनी गुंडाळीही दिली. वडिलांनी याच होडीसाठी आणून ठेवलेली, पण लावायची राहून गेलेली.

या होडीचं लाकूड पातळ असतं. त्यावर घट्ट ताणलेला कॅनव्हास हाच पाणी अडवतो. बायकोने हिवाळ्यातले सगळे शुक्रवार आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये घालवले, मोडक्या फासळ्या बदलल्या, फळ्या घासल्या. मी येता-जाता टोमणे मारत होतो. कुणीतरी मारायलाच हवे होते.

मग ती घोडचूक झाली. आमच्याकडे नवं सुती कापड आलं की आधी पाण्यातून काढतात. साडीचा फॉल असो की ब्लाउजचं अस्तर, नंतर आटून पचका व्हायला नको. त्याच सवयीने तिने तो कॅनव्हास बाथटबमध्ये भिजवला आणि बाल्कनीत वाळवला. होडीवर टाकून पाहिला तर दोन्ही टोकांना वीतभर कमी! तो कोराच ताणायचा असतो, हे मॅनेजरने फोनवर सांगितलं, पण आटल्यावर.

"खलास," मी म्हणालो. "तंबूवाल्याकडून नवा आणू आणि विषय संपवू."

"नवा नको. तिच्या बाबांनी आणलेला हाच लागणार."

अशा वेळी तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो. रुंदीत कापड जास्त होतं, त्यातून तिने पट्ट्या काढल्या आणि दोन्ही टोकांना हाताने जोडल्या, दुहेरी उलटी टीप घालून. सुया मोडल्या, बोटं सुजली, पण शिवण सरळ रेषेत गेली.

ताणायच्या दिवशी कॅनव्हासची झोळी करून होडी तिच्यात ठेवली आणि वजनाला आत बासमतीची पोती टाकली. झोळीचं एक टोक पार्किंगच्या खांबाला बांधलं, दुसरं आमच्या गाडीला. गाडीत मी.

"यल्ला, चला, हळू... अहो, हळू म्हणतेय ना!"

सगळा ताण तिच्या त्या जोडावर येणार होता. तो उसवला असता तर होडी गेलीच होती. कापड करकरलं. ती जोडावर बोट ठेवून शांत उभी. जोड टिकला. मग पकडीने कड खेचत, बारीक पितळी खिळे ठोकत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मी उतरून पाहिलं, कुठेही सुरकुती नव्हती. इतकं देखणं काम मी कुणाच्या हातून झालेलं पाहिलं नव्हतं, आणि तसं तिला तिथल्या तिथे सांगितलं.

"मग आता टोमणे बंद," ती म्हणाली.

कापडाची वीण बुजवायला लावलेला लेप वाळला, हिरवा रंग चढला, आणि मॅनेजर जायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही होडी गाडीच्या टपावर बांधून उम्म अल क्वैनच्या खाडीवर नेली. मॅनेजरही आली. तिने होडीवरून हात फिरवला, टोकाशी तो शिवणीचा उंचवटा तिच्या बोटांना लागला. "हा बाबांचाच कॅनव्हास?" तिने विचारलं. बायकोने मान डोलावली. ती बाई वाळूत बसली आणि हमसून हमसून रडली. तिने मागितलं काहीच नाही.

"घेऊन जा," बायको तिला म्हणाली. "जबल अली बंदरातून तुझं सामान जाणारच आहे ना?"

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का?" मी मराठीत ओरडलो. "अजून पाण्यातही गेली नाही ती!"

"बाबांची आहे तिच्या," बायको म्हणाली. "मला फक्त एक फेरी मारून येऊ द्या."

तिला पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट घालून ती एकटी निघाली, वल्हं वेडंवाकडं मारत, पलीकडच्या खारफुटीपर्यंत. तिथून सावकाश वळली. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि इतका रागही आला, की मी मॅनेजरकडे पाहिलंच नाही. होडी काठाला लागली. मी दोर धरला, हात पुढे केला.

ती उतरेना. वल्हं मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. बसू दे तिला हवं तेवढं, म्हणून मी हात मागे घेतला.