नॉर्मनची लाल गाडी आणि लीकची जोडी

इंग्लंडातल्या ॲशिंग्टन गावचा नॉर्मन हेदरिंग्टन रेल्वेच्या सिग्नलवरून निवृत्त झाला, पण वहीत वेळा टिपायची खोड काही सुटली नाही. अंडं किती मिनिटांत उकडलं, बायको इझोबेल फोनवर किती वेळ बोलली, सगळं वहीत. जीव मात्र दोन ठिकाणी जडलेला: परसातली लीक नावाची भाजी आणि गॅरेजमधली लाल, दोन आसनांची ट्रायम्फ गाडी. इझोबेलची लाकडी पाठीची मॉरिस गाडी बिचारी वर्षानुवर्षं बाहेर भिजत उभी.

आता दोघं छोट्या घरात राहायला जाणार होती आणि तिथं जागा एकाच गाडीला होती.

"लाल विक," इझोबेल म्हणाली. "तिच्यात बटाट्याचं पोतंही मावत नाही."

"आणि तुझी मॉरिस? मेंढ्या पुढं जातात तिच्या!"

शेवटी फैसला लीकच्या प्रदर्शनावर ठेवला. मांडणी दहाला बंद व्हायची; त्याच्या आत जी गाडी आधी माल धड पोचवेल, ती राहील. लीक म्हणजे पातीच्या कांद्याची थोरली बहीण. नॉर्मनची तर मांडीएवढी जाड. ती जोडीनं मांडायची आणि पात जराही फाटता कामा नये. नॉर्मन पडला न्यायाचा पुतळा. त्यानं जोडी फोडली आणि एकेका गाडीत एकेक लीक ठेवली.

कापडी छत लावलं तर लाल गाडीत लीक मावेना, उघडलं तर वारा पातीला झोंबू लागला. नॉर्मननं वेग उतरवला. तीस मैल, वीस, बारा. एक हात चाकावर, दुसरा लीकच्या कमरेत. टपालवाली सायकलवरून पुढं निघून गेली.

"मयत कुणाची, नॉर्मन?"

तेवढ्यात मॉरिस सुसाट गेली. मागची दारं बंद, लीक ओल्या गोणपाटात सुखानं पहुडलेली.

इझोबेल नऊ वीसला सभागृहात पोचली. पण एकट्या लीकला कोण विचारतो? साडेनऊ झाले तरी नवऱ्याचा पत्ता नाही, तेव्हा तिनं गाडी उलटी फिरवली. नॉर्मन अजून दोन मैल लांब होता.

"दे इकडं ती!"

"अगं, शर्यत चाललीय ना?"

"शर्यत गेली खड्ड्यात!"

दहाला दोन मिनिटं कमी असताना जोडी मांडली गेली आणि दुसरं बक्षीस घेऊन आली. दुपारी नॉर्मन बक्षिसाची लीक मांडीवर घेऊन अंगणात बसला होता. वहीला त्यानं हातही लावला नव्हता. इझोबेलला त्याची दया आली.

"ठेव दोन्ही गाड्या. नव्या घरी तू लीकचा वाफा करणार आहेस ना, तिथं फरशी घालू. लाल तिथं उभी राहील."

नॉर्मननं लाल गाडीकडं पाहिलं, मग मांडीवरच्या लीककडं. त्याचे डोळे भरून आले.

"इझोबेल, जाहिरात लिहून घे. लाल गाडी विकणे आहे. वाऱ्यासारखी पळते. लीकवाल्यांनी चौकशी करू नये."